हातांची फुली

४ फेब्रुवारी

मॅनेजर,

पहिली गोष्ट. वणवा हा आजवरचा सगळ्यात मोठा पहिलवान आहे. हे मी पूर्वीही म्हणत होतो, आजही म्हणतो, आणि हे पत्र तू फाडून टाकलंस तरी प्रत्येक तुकड्यावर तेच लिहिलेलं सापडेल.

दुसरी गोष्ट. फोनवर तू मला बंद केलंस, म्हणून कागद. हॉस्टेलचा पत्ता माझ्या ताईने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तीन दिवस मी तिच्यामागे भुणभुण लावली होती. चौथ्या दिवशी तिने चिठ्ठी माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "लिही. पण माफी माग. भाषण ठोकू नकोस." तर हे भाषण नाही. ही मतं आहेत. मतं मांडायला तूच मला शिकवलंस.

बातमी तुला कळली असेलच. घड्याळवाला निवृत्त होतोय. तीस मार्च, रविवार, दुपारी चार वाजता, आपल्याच इनडोअर स्टेडियममध्ये, अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी, वणव्याविरुद्ध. बावीस वर्षं रिंगमध्ये, आणि एकदाही पट्टा नाही! आता जाता जाता देतील असं तुला वाटत असेल. देणार नाहीत. लिहून ठेव, बाराव्या मिनिटाला वणवा त्याला उताणा पाडणार.

तू म्हणायचीस, "घड्याळवाला हरतो ते बघ, जिंकणारा काय कुणीही जिंकतो." तेव्हाही मला हे पटलं नव्हतं. मनगटावरचं घड्याळ काढून पंचाच्या हातात द्यायचं, समोरच्याला वेळ सांगायची, आणि मग मारच खायचा, हे काय कर्तृत्व? वणवा येतो तेव्हा मागच्या रांगेतला माणूसही खुर्चीवर उभा राहतो. माईक हातात घेतला की त्याच्या तोंडून काय निघेल हे त्यालाही माहीत नसतं. मला तेच आवडतं.

आणि 'पाचवा मजला'बद्दल आपलं जे भांडण अर्धवट राहिलं, तेही पुरं करतो. लिफ्टमधून सूट घालून उतरणारी ती चार खलनायकांची टोळी फुटली कशामुळे? तू म्हणालीस, कथा लिहिणारे कंटाळले म्हणून. चूक. मखमलने साथ सोडली म्हणून फुटली, आणि मखमलचा दगा हा आजवरचा सर्वोत्तम दगा आहे, कारण साथीदारांच्या पाठीत खुर्ची घालताना तो रडत होता. दगा देणारा सांगून जात नाही. तू मात्र सांगून गेलीस. दोन दिवस आधी, कॅन्टीनच्या जिन्यावर, चहा फुंकत. "मला तिकडे प्रवेश मिळाला, मी जातेय." जसं काही पेन्सिल मागतेयस.

कॉलेज मी सोडलं. ताईने सांगितलं असेल. तुझ्यामुळे नाही. तिथे काही अर्थच नव्हता. सरांच्या अख्ख्या तासात सांगितलं जात नाही तेवढं घड्याळवाल्याच्या एका उसाशात असतं. (बघ, त्याची स्तुती करतोय. मी काही आंधळा नाही.) आता मामाच्या दुकानात आहे. सोफे, बसच्या सीटा, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, जे फाटेल ते शिवतो.

आणि त्या दिवसाचं. स्टेजवर. तू हात वर करून फुली केलीस, ती मला आपल्या नाटुकल्याचाच भाग वाटली. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

काडेपेटी


१९ फेब्रुवारी

मॅनेजर,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. वणव्यालाही पहिल्या आव्हानाला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

पण आज लिहायला कारण आहे. सोमवारी दुकानासमोर ट्रक थांबला आणि त्यातून काय उतरलं सांग. रिंग! अख्खी नाही, चार कोपऱ्यांच्या गाद्या आणि गुंडाळलेला कॅनव्हास. तीस तारखेच्या आधी सगळं नव्याने मढवून हवंय. मामा म्हणाला, "ही ती लुटुपुटूची कुस्ती ना? आधी ठरवून पडणारी?" मी म्हटलं, "मामा, तोंड सांभाळ." त्याने स्टेपल गन माझ्याकडे रोखली. "तोंड तू सांभाळ. तुझ्या तोंडानेच तुला इथे आणलंय."

कॅनव्हास उलगडला तेव्हा मी त्यावर पालथा पडून वास घेतला. हसू नकोस. घाम, फिनाईल आणि रबर. खाली फोम फक्त दोन बोटं जाडीचा, आणि त्याखाली म्हणे सरळ प्लायवूड. मी त्यावर एकदा पाठ टाकून बघितली. रात्रीपर्यंत उजव्या कुशीवर वळता येईना. तुझे बाबा म्हणायचे ते आठवलं, "पडणं ठरलेलं असतं, लागणं खरं असतं."

गाद्यांबरोबर एक माणूस होता. रिंग उभारणं आणि उतरवणं हे त्याचं काम. मान इतकी जाड की डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. सगळे त्याला रिंगवाला म्हणतात. तो गाद्या मोजून देत होता तेव्हा मी बघितलं, बाकीच्या साध्या झिजलेल्या, पण एका कोपऱ्याच्या तिन्ही गाद्या पार चपट्या. आत फोमचा भुगा.

"हा कोपरा असा कसा झाला?" मी विचारलं.

"घड्याळवाल्याचा कोपरा आहे तो."

"म्हणजे?"

"म्हणजे खेळाआधी येऊन तो चारही कोपरे अंगठ्याने दाबून बघतो. सगळ्यात मऊ लागेल तिकडे समोरच्याला आपटतो. सगळ्यात कडक असेल तिकडे स्वतः आपटून घेतो." त्याने त्या चपट्या गादीवर थाप मारली. "बावीस वर्षांत त्याच्या हातून एकाचंही हाड मोडलं नाही. पोरं त्याच्याशी खेळायला रांगा लावतात."

मी विचारलं, "आणि वणवा?"

तो गाद्या मोजतच राहिला. मग म्हणाला, "वणव्याशी खेळणार असले की पोरं आदल्या दिवशी घरी फोन करून घेतात. वाईट नाही रे तो. पण लोक ओरडायला लागले की त्याला समोरचा दिसत नाही. तिघांना दवाखान्यात पोहोचवलंय."

हे मी तुला सांगणार नव्हतो, कारण हे तुझ्या बाजूचं आहे. पण पहिलवानांचे क्रमांक लावायच्या आपल्या वहीचा नियम आहे, पुरावा लपवायचा नाही. तर लपवत नाही. मत बदललेलं नाही. वणवा अजून पहिला. फक्त घड्याळवाला चौथ्यावरून दुसऱ्यावर आणलाय.

अजून एक. रेक्झिनचे रोल घेऊन काल टेम्पो आला, आणि टेम्पोतून काका उतरले. तुझे बाबा आता त्या रेक्झिनवाल्यांकडे आहेत हे मला माहीत नव्हतं. मी सोफ्यामागे लपलो.

"काडेपेटी," काका म्हणाले, "सोफ्याखालून पाय दिसतायत."

मी उभा राहिलो. त्यांच्या हातातला रोल घेतला आणि नको त्या ठिकाणी नेऊन ठेवला. त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाले, "घड्याळवाल्याची शेवटची आहे. बघणार ना?"

माझ्याकडे तीन तिकिटं आहेत. दोन पूर्वेच्या बाजूची, एक पश्चिमेच्या. दोन मी त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, तुम्ही आणि ती.

"तिला तूच दे की."

"ती घेणार नाही."

"मग मी कोण? तुझा पोस्टमन?" तरी तिकिटं खिशात टाकलीच. "सांगेन तिला. ओढून आणणार नाही. यायचं की नाही ते तिचं."

मग ते टेम्पोच्या पायरीवर बसले आणि डबा उघडला. अगदी रस्त्यावर, सगळ्यांसमोर. मी आत जाऊन शिलाई मशीन चालू केलं. सुईत दोरा नव्हता.

काडेपेटी


६ मार्च

मॅनेजर,

आज मतं नाहीत. आज एकच मत आहे आणि तेही माझ्याविरुद्ध आहे.

चपटा कोपरा मी शिवायला घेतलाय. जुना फोम उकरून काढताना आठ दिवस एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. घड्याळवाला कोपरा आधी अंगठ्याने दाबून बघतो. मला तुझा प्रत्येक कोपरा माहीत होता. कुठे मऊ, कुठे कडक, सगळं. तूच दाखवलं होतंस.

त्या दिवशी कॉलेजच्या स्टेजवर आपलं नाटुकलं सहा मिनिटांचं होतं. मी रागीट पहिलवान, तू माझी मॅनेजर. मी तुला कामावरून काढणार, तू मला एका वाक्यात गार करणार, टाळ्या. पाठ होतं आपल्याला. पण तू दोन दिवस आधी जिन्यावर जे सांगितलंस त्यानंतर मी ठरवलं होतं की शेवटच्या वाक्याच्या जागी मी वेगळं वाक्य म्हणणार. 'जाऊ नको' असं. त्याच्या पुढचंही. तेव्हाही म्हणता आलं नाही, आणि आता ती जागाच उरली नाही, तरी लिहितो: तू मला आवडतेस. वहीत पहिल्यांदा तू लाल पेनने माझं मत खोडलंस तेव्हापासून.

स्टेजवर उभा राहिलो तेव्हा लोक हसत होते. तू ठरल्याप्रमाणे म्हणालीस, "तुझ्यासारखे दहा मिळतील मला." ते वाक्य मीच लिहिलं होतं. तरी डोकं भडकलं. मी माईक उचलला आणि ठरलेलं सोडून बोलायला लागलो. तू दगाबाज, तुझं घराणंच नाटकी, वगैरे. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. आणि मग मी म्हणालो, "हिचे बाबा रोज सकाळी डबा घेऊन कुठे जातात, विचारा हिला!"

तेव्हा तू हात डोक्यावर नेलेस आणि फुली केलीस.

काकांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे: खेळ चालू असताना पंचाने हातांची फुली केली म्हणजे कुणाला तरी खरंच लागलंय. ठरलेलं सगळं संपलं. आपल्यातही कुणी फुली केली की थांबायचं, कारण विचारायचं नाही. तीन वर्षांत तू ती दोनदा केली होतीस आणि दोन्ही वेळा मी अर्ध्या शब्दावर थांबलो होतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला ती नाटुकल्याचा भाग वाटली. खोटं लिहिलं. मी बघितली. मला कळली. आणि मी थांबलो नाही, कारण तीनशे माणसं पुढचं ऐकायला वाकली होती आणि इतकी माणसं आयुष्यात कधी माझ्याकडे वाकली नव्हती. म्हणून वाक्य पुरं केलं. "बागेतल्या बाकावर! पाच महिने! कारखान्याने कधीच घरी पाठवलंय!"

लोकांना तो विनोद वाटला. तिसऱ्या रांगेत काका बसले होते. तेही हसले, बाकीचे हसत होते म्हणून. ते हसू मी बघितलं. तूही बघितलंस.

ही गोष्ट तू घरातही कुणाला सांगितली नव्हतीस. तुझ्या आईलासुद्धा त्याच दिवशी कळली, शेजारणीकडून. मला एकट्याला सांगितली होतीस.

म्हणून कॉलेज सोडलं. सरांच्या तासाचा काही संबंध नाही. सर बरे शिकवायचे.

काल काका पुन्हा आले. मी या वेळी लपलो नाही. म्हटलं, "काका, मी चुकलो." ते रोलवरची धूळ झटकत राहिले. म्हणाले, "मला लोक एक दिवस हसले. दुसऱ्या दिवसापासून चोरून जेवायचं तरी थांबलं. पण तिने तुला हात करून थांबवलं होतं ना? माझं जाऊ दे. ते तिचं राहिलंय."

वणव्याला पहिल्या क्रमांकावरून काढतोय. दुसऱ्यावरही ठेवत नाही. तिघांना दवाखान्यात पोहोचवणारा माणूस यादीतच नको. पहिला घड्याळवाला. तुझं बरोबर होतं आणि हे मी तू वाचशील म्हणून लिहीत नाही. म्हणजे, तू वाचशील म्हणूनच लिहितोय. पण खरं आहे.

मी चुकलो. माफ कर असं म्हणत नाही. ते पुन्हा काहीतरी मागणं होईल.

काडेपेटी


२१ मार्च

मॅनेजर,

थोडक्यात.

गाद्या झाल्या. चपट्या कोपऱ्यात मी जास्तीचा फोम भरत होतो, तेवढ्यात रिंगवाला आला आणि ओरडला, "अरे, तो मऊ करू नकोस! त्याने सांगून ठेवलंय, एक कोपरा कडक हवा. नाहीतर समोरच्याला कुठे नेऊ नये ते कळणार कसं?" म्हणून तो तसाच पातळ ठेवलाय. फक्त त्याचं कव्हर निळं आहे. बाकी तीन कोपऱ्यांत मी वाकड्या सुईने दुहेरी टाके घातलेत. मामाने सगळ्या गाद्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाला, "बरं आहे." मामा 'बरं आहे' म्हणाला म्हणजे काय ते तुला माहीत नाही, पण मी त्या दिवशी दोनदा जेवलो.

तीस तारखेबद्दल. तू आलीस तर तुझ्या जागी बस, मी माझ्या जागी बसेन. मध्ये अख्खी रिंग असेल. तुझ्याकडे येणार नाही, बाहेर गाठणार नाही, काकांमार्फत निरोप देणार नाही. मी नको झालो तर फुली कर. मी उठेन आणि निघून जाईन. कुठल्याही मिनिटाला. कारण विचारणार नाही.

मला माहीतेय, मी असं म्हणतो आणि मग डोकं भडकतं. पण या वेळी पैज लाव माझ्यावर. घड्याळवाल्यावर लावत होतीस तशी.

काडेपेटी


३१ मार्च

मॅनेजर,

तू आलीस.

पिवळा कुर्ता, केस आखूड केलेले, आणि काका शेजारी शेंगा सोलत. तुम्ही दोघं येऊन बसलात तेव्हा मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की शेजारचा म्हणाला, "अजून सुरू व्हायचंय, भाऊ."

घड्याळवाला आला. संगीत नाही, धूर नाही, नेहमीसारखा नुसता चालत. चारही कोपऱ्यांना अंगठा लावला. मी शिवलेल्या गाद्यांना! तिसऱ्या कोपऱ्याशी थांबला, पुन्हा दाबून बघितलं, आणि मान हलवली. मी मरेपर्यंत ती मान विसरणार नाही. मग घड्याळ काढून पंचाच्या हातात दिलं आणि वणव्याला वेळ सांगितली. काय सांगितली ते आमच्या बाजूला ऐकू आलं नाही.

चौदा मिनिटं मी जागेवर होतो. माझं बारा मिनिटांचं भाकीत चुकलं हेही तुझ्याकडे लिहून ठेव. मग वणवा पिसाळला. लोक ओरडायला लागले, त्याने घड्याळवाल्याला दोन्ही हातांनी उचललं आणि धावत सुटला, आणि तो नेमका त्या कडक, निळ्या कोपऱ्याकडे निघाला होता, जिथे दोघेही डोक्यावर आदळले असते. आणि घड्याळवाल्याने हवेतल्या हवेत अंग वळवलं, त्याला आपल्याबरोबर फिरवलं आणि निळ्या गादीवर स्वतःची पाठ दिली. वणव्याला काही लागलं नाही. आवाज मात्र असा झाला की पुढच्या दोन रांगा उभ्या राहिल्या.

तो स्वतः सोडला तर अख्ख्या स्टेडियममध्ये ते का घडलं हे फक्त तिघांना माहीत होतं. रिंगवाल्याला, मला आणि, पत्रं वाचली असशील तर, तुला.

मी तुझ्याकडे बघितलं. तू आधीच माझ्याकडे बघत होतीस.

म्हणजे वाचली होतीस.

मग माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. मी खुर्चीवर चढलो आणि ओरडलो, "मॅनेजर! बघितलंस?" शेजारचे वळले. कुठल्यातरी कॅमेऱ्याने मला पकडलं आणि वरच्या मोठ्या पडद्यावर मी दिसायला लागलो, हात पसरलेला, तोंड उघडं. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. सगळे ओरडायला लागले, "बोल! बोल! बोल!" तीनशे नाही, सहा हजार. आणि माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चांगलं होतं. तुझ्याबद्दल होतं. अख्खं स्टेडियम हललं असतं.

तू उभी राहिलीस, हात डोक्यावर नेलेस आणि फुली केलीस.

मी तोंड मिटलं.

खुर्चीवरून उतरलो. "अरे बोल ना!" कुणीतरी शर्ट ओढला. रांगेतून माणसांच्या गुडघ्यांवर आपटत बाहेर आलो. मागे वळून बघितलं नाही. दाराशी पोहोचलो तेव्हा पाठीमागे पंचाने तीनपर्यंत मोजायला हात आपटल्याचा आवाज आला, एक, दोन, आणि मी कानात बोटं घातली. सहा हजार माणसं उभी राहिल्याचं पायाखाली कळलं. जिंकल्याचा आवाज होता की हरल्याचा, मला माहीत नाही. मी स्टॉपवर उन्हात उभा राहिलो आणि बस येईपर्यंत बोटं काढली नाहीत. एक आजोबा म्हणाले, "कान दुखतोय का बाळा?" मी मान डोलावली.

आज सकाळी मामा पेपर घेऊन बसला होता. "अरे, तुझ्या त्या घड्याळवाल्याचं..." एवढं म्हणेपर्यंत मी दोन्ही कानांत फोमचे बोळे कोंबले. दिवसभर तसाच काम करतोय. गिऱ्हाईक हातवारे करून सोफ्याची मापं सांगतायत. मामा सगळ्यांना सांगतो, भाच्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. ताईला फोनवर बजावलंय, निकाल सांगितलास तर भावाला मुकशील. काका मघाशी रोल टाकून गेले. माझ्याकडे बघितलं, कानांकडे बघितलं, स्वतःशीच हसले आणि ओठांवर बोट ठेवून टेम्पोत बसले.

मी कुणालाही विचारणार नाही. पेपर वाचणार नाही, टीव्ही लावणार नाही. मला ते तुझ्याकडूनच ऐकायचंय. तू म्हणशील तेव्हा. उद्या, दहा वर्षांनी, कधीच नाही, काहीही चालेल. फुलीला कारण विचारायचं नसतं, तसंच किती वेळासाठी हेही विचारायचं नसतं.

तोपर्यंत माझ्यापुरते ते दोघे अजून रिंगमध्येच आहेत. निळा कोपरा अजून गरम आहे, आणि घड्याळ पंचाच्या हातात चालू आहे.

काडेपेटी